तिला भास होतात म्हणे!

आषाढातली संध्याकाळ. बाहेर धो धो पाऊस, वीज दोनदा जाऊन आलेली. आमच्या भिशीला आम्ही अकराजणी जमलो होतो. घावने झाले, चहा झाला, चिठ्ठीही निघाली. आता पाऊस कमी होईपर्यंत करायचं काय? तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, “अगो, ‘हा खेळ सावल्यांचा’ आठवतो का गं? मी तर तो बघून आठ दिवस रात्रीची मागीलदारी गेले नव्हते.” झालं! साड्या, सुना, सिलिंडर सगळं मागे पडलं आणि प्रत्येकीने आपापलं भूत बाहेर काढलं.

सत्तरी ओलांडलेल्या काकूंनी ‘महल’ आणि ‘बीस साल बाद’ची नावं घेतली. पन्नाशीतल्या दोघीतिघींना दूरदर्शनवर शनिवारी लागणारा मराठी सिनेमा आठवला. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या ओटीवर सगळी आळी जमायची, आणि भीतीचा सिनेमा असला की घरी परत जाताना मुलं आईचा पदर सोडायची नाहीत. चाळिशीतल्यांनी ऊर्मिला मातोंडकरच्या ‘भूत’चं नाव काढलं. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली एक सून लाजत म्हणाली, “मी ‘भूलभुलैया’ किती वेळा बघितलाय, मोजलंच नाही.”

मी ऐकत बसले होते आणि मला एक गंमत जाणवली. रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’ची आठवण एकीनेही काढली नाही. तोही १९८४ साली तुफान चालला होता. लांब नखं, पांढरे डोळे, चेहऱ्यावर चिखल थापल्यासारखा मेकअप, सगळं त्यात होतं. तेव्हा किंचाळलोही असू, पण घरी येईस्तोवर विसरलो. लक्षात राहिले ते वेगळेच सिनेमे. त्यांत भूत दिसतं की नाही हेसुद्धा धड कळत नाही. एक घर असतं. घरात एक बाई असते. तिला काहीतरी दिसतं, काहीतरी ऐकू येतं. ती सांगते आणि घरातलं कुणीच तिच्यावर विश्वास ठेवत नाही. “तुला भास होतात,” म्हणतात.

मैत्रिणींनो, तुम्हीही आठवून बघा. भीतीचा म्हणून जो सिनेमा तुमच्या मनात रुतून बसलाय, त्यात असंच काही होतं की नाही?

‘हा खेळ सावल्यांचा’ १९७६ चा. दिग्दर्शक वसंत जोगळेकर, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, गीतं सुधीर मोघ्यांची. ‘गोमू संगतीनं’ अजून आपल्याकडे हळदीच्या रात्री वाजतं, पण ते मुळात एका भयपटातलं गाणं आहे हे नव्या मुलींना सांगितलं की त्यांचा विश्वासच बसत नाही. आशा काळे त्यात इंदू झाल्या आहेत. मेलेला नरसू तिच्यासमोर येतो. तिचं ओरडणं, घामाघूम होणं, दचकणं बघताना वाटतं, हिला कुणीतरी जवळ घ्या रे! पुढे ‘थोरली जाऊ’सारख्या सिनेमांतून आपण आशाताईंना सोसताना, डोळ्यांतून पाणी काढताना खूप पाहिलं. इथे मात्र ती बाई घाबरून किंचाळते. मला तर ते सोसण्यापेक्षा बरं वाटतं. डॉ. काशिनाथ घाणेकरांचं त्या काळातलं वलय होतं, गाणी होती, पण सिनेमा टिकला त्याचं कारण मला निराळं वाटतं. त्या भुताची गाठ मंत्राने सुटत नाही, मनाच्या वाटेने सुटते. ज्या काळात गावोगावी असं काही झालं की आधी अंगारा यायचा, त्या काळात एका चालणाऱ्या मराठी सिनेमाने हे सांगितलं, ही लहान गोष्ट नाही.

यातल्याच ‘रात्रीस खेळ चाले’ या गाण्याचं नाव पुढे चाळीस वर्षांनी, २०१६ मध्ये, झी मराठीच्या मालिकेला मिळालं. सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातला तो वाडा मग इतका गाजला की लोक गाड्या करून बघायला जाऊ लागले. कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, म्हणून तक्रारीही झाल्या. त्या अगदीच खोट्या होत्या असं मी म्हणणार नाही. पण माझी तक्रार निराळी आहे. पहिल्या भागात घराची, भावंडांच्या वाटणीची, न बोललेल्या गोष्टींची जी भीती होती, ती २०१९ च्या दुसऱ्या भागात अण्णा आणि शेवंताच्या नादात कुठल्या कुठे गेली. लोकांना आवडला तो दुसराच, हेही खरं.

आता जरा लांब जाऊ. इंग्रजी सिनेमा म्हटलं की आपण लगेच चॅनल बदलतो, पण ‘रेबेका’ची गोष्ट ऐका. डॅफ्ने द्यू मॉरिये या बाईंनी १९३८ मध्ये कादंबरी लिहिली, १९४० मध्ये हिचकॉकने त्यावर सिनेमा केला. एक गरीब मुलगी मोठ्या घरात लग्न होऊन येते. ती दुसरेपणाची. पहिली बायको, रेबेका, वारलेली. पण घरात सगळीकडे तिचीच छाप आहे. तिची खोली तशीच, तिच्या वस्तू तशाच, तिची मोलकरीण तर तिच्याशिवाय दुसरं काही बोलतच नाही. रेबेकाचं भूत कुठेच दिसत नाही. दिसत नाही म्हणूनच ती घरभर आहे. आणि गंमत म्हणजे या नव्या नवरीला अख्ख्या कादंबरीत नावच नाही. लेखिकेने दिलेलंच नाही.

हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडचं तांदळात लिहिलेलं नाव आठवलं. ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीने नवऱ्याने नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि वीस-बावीस वर्षं जपलेलं नाव माहेरीच ठेवून यायचं. आता हे कमी झालंय, पण माझ्या पिढीतल्या कितीतरी जणी अजून माहेरी एका नावाने आणि सासरी दुसऱ्या नावाने ओ देतात. नव्या घरात पहिले काही दिवस कुणी नव्या नावाने हाक मारली की मागे वळून बघायचं, आणखी कुणी आहे का म्हणून. ‘रेबेका’ समजायला इंग्रजी यायला हवं असं कुठंय? आपल्यासाठी हिंदीत सोयही झालेली आहे. १९६४ चा ‘कोहरा’ याच गोष्टीवर बेतलेला. हेमंतकुमारांची निर्मिती आणि संगीत, नवी नवरी वहिदा रेहमान, आणि घरातली ती जुनी बाई म्हणजे आपल्या ललिता पवार. त्यांनी नुसतं जिन्याच्या तोंडाशी उभं राहावं की आपल्या पोटात गोळा यावा. खलनायिका म्हणून त्यांना आपण शिव्या घातल्या, पण आवाज न चढवता भीती कशी दाखवायची हे त्या बाईंकडून शिकावं.

याच १९६४ मध्ये मराठीत राजा परांजप्यांचा ‘पाठलाग’ आला. जयंत देवकरांच्या कादंबरीवरचा. काशिनाथ घाणेकर आणि भावना. ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ हे त्यातलं गाणं. दोन वर्षांनी राज खोसलांनी त्याचा हिंदीत ‘मेरा साया’ केला, साधना आणि सुनील दत्तला घेऊन. याला कुणी भयपट म्हणत नाही, पण मी म्हणते. बघा ना, एका वकिलाची बायको त्याच्या मांडीवर प्राण सोडते. नंतर दरोडेखोरांबरोबर एक बाई पकडली जाते, हुबेहूब तशीच दिसणारी, आणि ती कोर्टात उभी राहून सांगते, मी याची बायको आहे. दोघांतल्या खासगी गोष्टी सांगते. लग्नाच्या आठवणी सांगते. नवरा म्हणतो, ही माझी बायको नव्हेच. ‘मेरा साया’त ती शेवटी वेडी ठरून इस्पितळात जाते. ज्या माणसाबरोबर संसार केला त्यानेच ओळखायला नकार दिला तर कुणाचं डोकं ठिकाणावर राहील? आणि ती खरीच त्याची बायको असते हो! मेलेली ती तिची जुळी बहीण. नायकाला आपण सिनेमाभर बिचारा म्हणत राहतो, पण दुसऱ्यांदा बघाल तर लक्ष तिच्यावर ठेवून बघा. अंगावर काटा येईल.

आणि मग ‘गॅसलाइट’. १९४४ चा, इन्ग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळवून देणारा. पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ च्या नाटकावरून केलेला. जुन्या काळचं लंडन, घरात गॅसचे दिवे. नवरा दिसायला देखणा, बोलायला गोड. तो हळूहळू बायकोच्या मनात भरवतो की तू विसरभोळी झाली आहेस. पर्समधली ब्रोच नाहीशी होते, भिंतीवरची तसबीर नाहीशी होते, आणि तो म्हणतो, तूच कुठेतरी ठेवलीस आणि विसरलीस. रोज रात्री तो बाहेर गेला की तिच्या खोलीतला दिवा आपोआप मंद होतो आणि वरच्या बंद माळ्यावर पावलं वाजतात. ती कुणाला सांगणार? तिलाच वाटायला लागतं, आपलंच डोकं फिरलंय. खरं म्हणजे नवराच मागच्या बाजूने माळ्यावर चढून तिच्या खून झालेल्या मावशीचे दागिने शोधत असतो. वर गॅस लावला की खालचा दिवा मंद होतो, इतकं साधं. आपल्याकडे पंप चालू केला की बल्ब मिणमिणतो ना, तसंच!

या सिनेमावरून इंग्रजीत ‘गॅसलाइटिंग’ हा शब्दच आला. खऱ्या माणसाला खोटं पाडून त्याचा स्वतःवरचा विश्वास काढून घेणं. अमेरिकेतल्या मेरियम-वेब्स्टर शब्दकोशाने २०२२ चा वर्षाचा शब्द म्हणून तो निवडला. मला त्यातला सगळ्यात भारी वाटलेला प्रसंग भीतीचा नाही. शेवटाकडे एक पोलीस अधिकारी तिच्याकडे येतो. बोलता बोलता दिवा मंद होतो. तो वर बघतो आणि म्हणतो की दिवा खाली गेला. बस्स. त्याला पण दिसलं! त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासाठी मी तो सिनेमा पुन्हा लावीन.

हे सांगते आहे कारण असा दिवा मी प्रत्यक्ष पाहिला आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. वाशिष्ठीचं पाणी पहाटे शिरलं आणि बघता बघता माळ्यापर्यंत चढलं. चिखल काढून झाला, पंचनामे झाले, माणसं पुन्हा कामाला लागली. आमच्या शेजारच्या वहिनी मात्र पुढचे दोन पावसाळे रात्री झोपत नव्हत्या. सर आली की उठायच्या, बॅटरी घेऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसायच्या. “पाणी येतंय, आवाज येतोय,” म्हणायच्या. घरचे आधी हसले, मग चिडले. “तुला भास होतात,” म्हणाले. कुणी नजर काढली, कुणी अंगारा आणला, कुणी दुसरंतिसरं काही लागलंय का म्हणून विचारून आलं. वहिनी गप्प झाल्या. स्वयंपाक करायच्या, जेवायच्या नाहीत. एका रात्री त्यांची धाकटी जाऊ उठली आणि त्यांच्याशेजारी पायरीवर जाऊन बसली. म्हणाली, “मला पण आवाज येतो, वहिनी. मी फक्त सांगत नाही.” दोघी पहाटेपर्यंत तिथेच बसून होत्या. त्या आठवड्यात दोघी मिळून डॉक्टरकडे गेल्या. गोळ्या थोडे दिवस घेतल्या, बोलणं बरेच दिवस चाललं. अजूनही जुलै आला की वहिनी महत्त्वाची कागदपत्रं पिशवीत घालून वर ठेवतात. त्याला भास म्हणत नाहीत, शहाणपण म्हणतात.

आपल्या जिल्ह्यात मनोरुग्णालय आहे. रत्नागिरीचं. पण आपण त्याचा उपयोग काय करतो? टोमणा मारायला! कुणी जरा वेगळं वागलं की “हिला रत्नागिरीला पाठवा.” ठाणे, पुणे, नागपूरकडची माणसंही आपापल्या गावचं असंच नाव घेतात. मग जिला खरोखर त्रास होतोय ती तिकडे कशी वळणार? त्यापेक्षा देवऋषी जवळचा वाटतो. तो निदान “वेडी” म्हणत नाही, “बाहेरचं आहे” म्हणतो. दोष बाईचा नाही, भुताचा. हे एक त्याचं चलाखपण. २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं धडपड केली आणि त्यांच्या खुनानंतर तो आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चटके, कोंडून ठेवणं हा आता गुन्हा आहे. आणि २०२२ पासून सरकारची ‘टेलिमानस’ ही फोनसेवा आहे, नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. फ्रिजवर लिहून ठेवायला हरकत नाही.

अंगात येण्याचा विषय निघालाच आहे तर ‘गहराई’बद्दल बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९८० चा हिंदी सिनेमा, पण त्यात आपली माणसं किती बघा. लेखन विजय तेंडुलकरांचं. दिग्दर्शन विकास देसाई आणि अरुणा राजे यांचं. अरुणाताई पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकलेल्या, आणि तेव्हा दिग्दर्शनात बायका एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. वडील डॉ. श्रीराम लागू, मुलगी पद्मिनी कोल्हापुरे. ‘एक्झॉर्सिस्ट’ १९७३ मध्ये आला आणि त्यानंतर ठिकठिकाणी झपाटलेल्या मुलींचे सिनेमे निघाले. बहुतेकांनी नुसता आरडाओरडा उचलला. तेंडुलकरांनी तसं केलं नाही. बंगळुरात राहणारे हे वडील गावाकडची जमीन साबणाच्या कारखान्याला विकून टाकतात. त्या जमिनीत राबलेला गडी नको नको म्हणत असतो. आणि मग शाळकरी मुलगी भलत्याच आवाजात बोलू लागते. काय बोलते? बापाने गावात काय केलं ते. त्या गड्याच्या बायकोशी कसं वागला ते. घरात इतकी वर्षं कुणी उच्चारलं नव्हतं ते सगळं त्या पोरीच्या तोंडून बाहेर पडतं. डॉक्टर येतात, मांत्रिक येतात, पण खरं भूत कोण ते आपल्याला केव्हाच कळलेलं असतं.

नवरात्रात देवीसमोर घागर फुंकताना अंगात येतं ते आपण लहानपणापासून बघतोय. माझी आजी एकदा हळूच म्हणाली होती, “घरात जिला कुणी विचारीत नाही ना, तिच्याच अंगात जास्त येतं बघ.” आजी काही शिकलेली नव्हती. पण तिने पाहिलं होतं की एरवी जिच्या हातचा चहाही सासरा मान वर न करता घेतो, ती केस मोकळे सोडून घुमायला लागली की तोच सासरा नारळ घेऊन पाया पडतो, आई काय चुकलं सांग म्हणतो. वर्षातून एकदा का होईना, तिचं ऐकलं जातं. यात श्रद्धा खोटी म्हणायची नाही मला. पण ते ऐकलं जाणं किती महागात पडतं!

‘भूलभुलैया’ आमच्या त्या नव्या सुनेला का आवडत असेल? २००७ चा हा सिनेमा मूळ १९९३ च्या ‘मणिचित्रताळ’ या मल्याळम सिनेमावरून केलेला. मधु मुट्टम यांची गोष्ट, फाझिल यांचं दिग्दर्शन, शोभनाला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कन्नडमध्ये, तमिळमध्येही झाला. अक्षयकुमारचे विनोद बाजूला ठेवा आणि एकच प्रसंग आठवा. विद्या बालनची अवनी दागिने आणायला बाहेर जायला निघते. साडी नेसून तयार. नवरा म्हणतो, जाऊ नकोस. एवढंच. तिचा आवाज बदलतो, डोळे बदलतात आणि ती एका हाताने पलंग उचलते. मी पहिल्यांदा थिएटरात बघितलं तेव्हा माझ्या मागच्या रांगेतल्या बायका घाबरल्या आणि पाठोपाठ खुदकन हसल्याही. ते हसू मला अजून आठवतं. “जाऊ नकोस” हे दोन शब्द ऐकून कुणाच्या मनात कधी पलंग उचलावासा वाटला नसेल! मांजुलिका उचलते, आपण पिशवी खुंटीला अडकवतो आणि कुकर लावतो.

‘सविता दामोदर परांजपे’ हे शेखर ताम्हाणे यांचं नाटकही याच घरातलं. १९८० च्या दशकात रीमाने ते गाजवलं, २०१८ मध्ये त्यावर स्वप्ना वाघमारे जोशींनी सिनेमा केला. कुसुमच्या दुखण्याचं निदान कुठल्याच डॉक्टरला होत नाही आणि मग तिच्यातून दुसरीच बोलू लागते. सिनेमा ठीक आहे. पण नाटक पाहिलेल्या बायकांना विचारा, त्या अजून रीमाच्या आवाजाबद्दल बोलतात. शेजारच्या खेडमधल्या तुंबाड गावाचं नाव घेऊन आलेला राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ मध्ये फारसा चालला नाही, आणि २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त गर्दी झाली. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेलं, गोष्टीची मूळ ठिणगी नारायण धारपांच्या कथेतली. तो भुतापेक्षा हावेचा सिनेमा. पाऊस मात्र अस्सल आपल्याकडचा!

धारप आणि रत्नाकर मतकरी ही दोन नावं घेतली की आमच्या पिढीच्या वाचनालयाच्या चकरा आठवतात. इथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं. २००५ च्या पुरात त्याची पुस्तकं भिजली, २०२१ मध्ये पुन्हा भिजली, पुन्हा उभं राहिलं. दुपारी जेवणं आटोपली की मतकरींची गूढकथा हातात घ्यायची. त्यात वाड्यातलं भूत क्वचितच, बहुतेकदा चाळीतलं, ब्लॉकमधलं, शेजारच्या खोलीतलं साधं माणूस. वाचून झालं की शेजारणीने वाटी मागायला दार वाजवलं तरी दचकायला व्हायचं.

भीती दाखवायची कशी, याचं गणित हिचकॉकने सांगून ठेवलंय. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी माहीत असेल तर टेबलावरच्या साध्या गप्पाही त्याला घामाघूम करतात. आपल्या भाषेत सांगायचं तर कुकर फुटला तर आपण एकदाच दचकू. पण शिटी अडकलीये, कुकर नुसता थरथरतोय आणि आपण ओट्यापाशी उभ्या आहोत, ती भीती खरी. ‘सायको’मधला १९६० चा तो न्हाणीघरातला खून आठवा. सुरी वर जाते, खाली येते, व्हायोलिनं किंचाळतात. काळ्यापांढऱ्या पडद्यावर रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलेलं. बाकीचं सगळं आपण आपल्या डोक्यात भरतो. म्हणून तर ते जुनं होत नाही. मुखवटे जुने होतात, मेकअप हास्यास्पद वाटतो, पण आपलं डोकं आपल्याबरोबरच वाढत असतं. विशीत ‘हा खेळ सावल्यांचा’ बघताना मला नरसूची भीती वाटली होती. पन्नाशीत पाहिला तेव्हा नरसूकडे लक्षच गेलं नाही. इंदूभोवतीची माणसं काय करताहेत तेच बघत राहिले.

या सगळ्यांत एक मात्र सिनेमा असा आहे की तो भीतीचा नाही आणि तरी मला याच रांगेत ठेवावासा वाटतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’, २००४ चा. कोकणातला शेष, देवराईच्या वेडाने झपाटलेला, आणि हळूहळू स्किझोफ्रेनियाने वेढलेला. अतुल कुलकर्णींनी तो असा केलाय की ‘अभिनय’ हा शब्द सुचत नाही. बहीण सोनाली कुलकर्णी. ती त्याला आपल्या घरी घेऊन येते. त्याला जे ऐकू येतं, दिसतं, ते आपल्यालाही पडद्यावर ऐकू येतं, दिसतं. भयपटवाल्यांनी हेच करून आपल्याला घाबरवलं असतं. इथे घाबरायला होत नाही, त्याच्याजवळ बसावंसं वाटतं. ओढाताण होते ती बहिणीची. घर सांभाळायचं, नवऱ्याला सांभाळायचं, औषधांच्या वेळा सांभाळायच्या. दुखणेकरी घरात असला की जागणारी कोण असते ते आपल्याला ठाऊक आहेच.

आता कुणी म्हणेल, एवढं दुःख आहे तर बघायचं कशाला? रोजची काळजी काय कमी आहे? त्याचं उत्तर मला वाटतं आपल्या छातीतच आहे. भीतीने काळीज धडधडतं, हातपाय गार पडतात, आणि ‘समाप्त’ची पाटी आली की अंग कसं हलकं होतं. रोजच्या काळजीला ती पाटी नसते. मुलगा मुंबईहून रात्री गाडीने निघालाय, कशेडी घाट ओलांडेपर्यंत झोप नाही. रिपोर्ट उद्या येणार, परवावर जातात. सिनेमातली भीती अडीच तासांत संपते आणि दिवे लागतात. करोनाच्या काळात झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका परदेशी अभ्यासात असं दिसलं की भीतीचे सिनेमे आवडीने बघणाऱ्यांना त्या दिवसांत मनाचा त्रास इतरांपेक्षा थोडा कमी झाला. एका अभ्यासावर मी काही फार विसंबत नाही. पण भीतीची सवय करून घेता येते, हे आपल्या आज्यांनाही माहीत असणार. नाहीतर कंदिलाच्या उजेडात नातवंडांना चकव्याच्या आणि मुंजाच्या गोष्टी त्यांनी कशाला सांगितल्या असत्या?

तर, बघायचंच असेल तर सुरुवात ‘पाठलाग’ किंवा ‘मेरा साया’पासून करा, ते पचायला हलके. मग ‘कोहरा’. ‘गॅसलाइट’ मुलाला नाहीतर नातीला सांगून मोबाइलवर शोधून घ्या, भाषा थोडी कमी कळली तरी चालेल, दिव्याकडे लक्ष ठेवा. ‘गहराई’ मिळाला तर मैत्रिणींबरोबरच बघा, नंतर बोलायला कुणीतरी हवं. ‘देवराई’ घरातल्या पुरुषमाणसांना शेजारी बसवून. आणि रामगोपाल वर्मांचा १९९९ चा ‘कौन’ माहीत आहे? गाणी नाहीत, इनमिन तीन माणसं. एकटी ऊर्मिला, मोठं घर, बाहेर पाऊस आणि दाराची बेल. तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे तुम्हीच ठरवायचं. शेवट मी सांगणार नाही. फक्त तो बघायला बसण्याआधी मागच्या दाराची कडी एकदा बघून या.